१,८३६ की २,५००? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘लेख भावनेच्या भरात लिहिलाय. ओकीचोबीच्या बळींचा आकडा एकदा १,८३६ आणि एकदा २,५००! अँड्र्यूसारख्या पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीच्या हरिकेनला (चक्रीवादळाला) मात्र दोनच ओळी. याला इतिहास म्हणायचं का?’ असं तुम्ही विचारलंय. १९२८मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडावर आदळलेल्या ओकीचोबी हरिकेनवरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी माझी चूक. १९००चं टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनचं वादळ मी अटलांटिक किनाऱ्याच्या वादळांत धरलं होतं. ते शहर मेक्सिकोच्या आखातावर आहे. लेखात दुरुस्ती केली आहे.

आकड्यांबद्दल मात्र मला माघार घ्यायची नाही. १,८३६ हा आकडा कित्येक दशकं छापला जात होता. २००३ साली अमेरिकेच्या नॅशनल हरिकेन सेंटरने तो बदलून ‘किमान २,५००’ केला. एवढी माणसं पाऊणशे वर्षं हिशेबाबाहेर कशी राहिली, हे सांगायचं तर दोन्ही आकडे द्यावेच लागतात.

१६ सप्टेंबर १९२८च्या संध्याकाळी वादळ पाम बीचजवळ किनाऱ्याला लागलं. पण बहुतेक माणसं समुद्राने मारली नाहीत. किनाऱ्यापासून बरंच आत ओकीचोबीचं प्रचंड पण उथळ तळं आहे. त्याच्या दक्षिण काठाला मातीचा बांध होता, जेमतेम पुरुषभर उंचीचा. उत्तरेकडून सुटलेल्या वाऱ्याने सगळं पाणी त्या काठावर लोटलं आणि अंधारात बांध फुटला. दिवसा धोक्याची सूचना मिळाली होती, लोक उंचावर गेलेही होते. ठरल्या वेळी वादळ आलं नाही, तेव्हा त्यांतले बरेच जण घरी परतले. मला हा तपशील वाचवत नाही.

तळ्याकाठच्या बेल ग्लेड, पाहोकी, साउथ बे या गावांतल्या शेतांवर राबणारे बहुतेक मजूर कृष्णवर्णीय होते. त्यांतले कित्येक बहामा बेटांवरून मोसमापुरते आलेले. कुटुंबंच्या कुटुंबं बुडाली. अमुक एक माणूस हरवला, हे सांगायलाही कुणी मागे उरलं नाही. उन्हात प्रेतं कुजू लागल्यावर अनेक जागच्या जागीच जाळली गेली. वेस्ट पाम बीचला शवपेट्या कमी पडल्या, तेव्हा त्या गोऱ्यांसाठी राखून ठेवल्या. वुडलॉन दफनभूमीत ६९ जणांना पेट्यांतून पुरलं. टॅमरिंड अव्हेन्यूजवळच्या खड्ड्यात ६७४ कृष्णवर्णीय गेले, पेटीशिवाय. त्या जागी कित्येक दशकं साधी खूणसुद्धा नव्हती. हे लिहिताना भावना आली असेल तर ती मी काढणार नाही.

आता अँड्र्यू. २४ ऑगस्ट १९९२ला दक्षिण फ्लोरिडावर आदळलं तेव्हा त्याची नोंद चौथ्या श्रेणीत होती. पाचवी श्रेणी मिळाली ती २००२मध्ये, वाऱ्याच्या वेगाचा नव्याने अभ्यास झाल्यावर. तो बदललेला आकडा तुम्ही विनातक्रार स्वीकारता. मग ओकीचोबीच्या बदललेल्या आकड्यावरच अविश्वास का?

अँड्र्यूला दोन ओळी फारच कमी झाल्या, हे मान्य. होमस्टेड परिसरात उडालेली छपरं आणि त्यानंतर फ्लोरिडात कडक झालेले बांधकामाचे नियम यांवर स्वतंत्र लेख लिहायला घेतलाय. ओकीचोबीच्या लेखात मात्र दोन्ही आकडे आहेत तसेच राहतील.