सॅकखालचा माणूस

रतनगडाकडून हरिश्चंद्रगडाकडे जाणारा रेंज ट्रेक दोन-तीन दिवसांचा, असं सगळेच सांगतात. फोटोत कात्राबाईची खिंड असते, आजोबाचा डोंगर असतो, शेवटी कोकणकडा असतो. ज्या सॅकच्या जिवावर हे सगळं होतं ती पाठमोरी असते आणि तिच्याखालचा माणूस दिसतच नाही. मी त्याच्या वतीने बोलतोय.

ओझ्याचा नियम सोपा आहे. स्वतःच्या वजनाचा पाचवा हिस्सा, त्याच्या वर नाही. म्हणजे पासष्ट किलोच्या माणसाला तेरा किलो. त्यातले तीन किलो पाण्याचे, कारण तीन लिटरच्या खाली पाणी घेऊन सह्याद्रीत निघायचं नाही. उरलेल्या दहा किलोत स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट, शिधा, स्टोव्ह, भांडी, एक कपड्यांचा जोड आणि टॉर्च आरामात बसतात. बसत नाही ते ‘असू दे’ खात्यातलं सामान. दुसरा टॉवेल, असू दे. तिसरी पॉवर बँक, असू दे. जीन्स, असू दे. हे खातं बघता बघता तीन किलोवर जातं. जीन्स तर एकदा भिजली की ट्रेक संपेपर्यंत वाळत नाही आणि ओली जीन्स हा सामानाचा नाही, शिक्षेचा प्रकार आहे.

भरायचीही रीत असते. तळाला स्लीपिंग बॅग. शिधा, स्टोव्ह, पाणी असं जड सामान मध्ये, पाठीला चिकटून. हलकं सामान बाहेरच्या बाजूला. रेनकोट, टॉर्च आणि चिकटपट्टी अगदी वर. जड सामान बाहेरच्या कप्प्यात गेलं की सॅक मागे ओढते. सपाटीवर तेवढं कळत नाही, पण कातळटप्प्यावर आपल्याला कातळाकडे झुकायचं असतं आणि सॅकला आकाश बघायचं असतं. अशा वादात वजनदार पक्ष जिंकतो.

पट्टे आवळायचाही क्रम आहे. आधी कमरेचा, आणि तो पोटावर नाही, कमरेच्या हाडावर. मग खांद्यांचे, मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे आणि सगळ्यात शेवटी छातीचा. ओझं कमरेने उचलायचं असतं, खांद्यांनी फक्त सांभाळायचं. बहुतेक लोक आधी खांदे आवळतात आणि कमरेचा पट्टा दोन्ही बाजूंना लोंबत ठेवतात. नऊ वाजेपर्यंत त्यांची मान गेलेली असते आणि दोष सॅकच्या कंपनीला जातो.

आता वेळ. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली हिशोब मांडला: तासाला साधारण पाच किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाईला एक तास जादा. या गृहस्थांनी कारवी, म्हणजे सह्याद्रीतलं दाट झुडूप, पाहिलेली नव्हती. पाठीवर सॅक आणि दोन्ही बाजूंनी पुरुषभर कारवी असेल तर त्यांच्या वेळेची दुप्पट धरावी. कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते. मधल्या काळात ती आडवी बांधलेली कॅरीमॅट अडवायचं काम करते. म्हणून मॅट उभी बांधायची किंवा आत कोंबायची. आडवी मॅट घेऊन शिरणारा माणूस दर दहा पावलांवर मागे खेचला जातो आणि कोणी हाक मारली का म्हणून वळून बघतो.

डिसेंबरात इकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो. तेव्हा चारपर्यंत पाणी आणि सपाट जागा दोन्ही हाताशी हवीत. तिथून उलटं मोजलं तर रतनगडाच्या पायथ्याच्या रतनवाडीतून उजाडताच निघावं लागतं. प्रत्यक्षात निघायच्या वेळी एकाला चहा हवा असतो, एकाला अमृतेश्वराच्या मंदिराचे फोटो हवे असतात आणि एक जण कुठे गेलाय ते विचारायचं नसतं.

वाटेतली पहिली मेख झाडीतच आहे. रतनगडाच्या शिड्या लागायच्या आधी कात्राबाईच्या खिंडीकडे जाणारा फाटा फुटतो. गडाची वाट रुंद आणि मळलेली, हा फाटा बारीक. मळलेली वाट मिळाली की माणूस डोकं बंद करून पायांवर सोडतो आणि पाय थेट शिड्यांशी नेऊन उभा करतात.

दुसरी मेख ढोरवाटा. त्या अतिशय देखण्या असतात. चढ सौम्य, सावली छान, आणि आपल्याला वाटतं, हीच. पण गुरांना खिंड ओलांडायची नसते, त्यांना गवत आणि पाणी हवं असतं. ते मिळालं की वाट कारवीत विरघळते. शेण दिसतंय पण बुटाचे ठसे नाहीत, कोयत्याने तोडलेल्या फांद्या नाहीत, दगडांची लगोरी नाही, बिस्किटाचा कागदही नाही, असं पंधरा मिनिटं चाललं तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत यायचं. ‘थोडं पुढे बघू’ म्हणणारा प्रत्येक गटात असतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ‘नाळेतून सरळ खाली उतरू’. तिथे मात्र ठाम नकार द्यावा. सह्याद्रीतली नाळ, म्हणजे ओढ्याची वाट, बऱ्याचदा कोरड्या धबधब्याच्या माथ्यावर संपते. खालचं गाव तिथून स्पष्ट दिसतं, एवढाच फायदा.

गावात वाट विचारतानाही प्रश्न नीट हवा. ‘मामा, किती वेळ लागेल?’ याला अर्थ नाही. मामा सांगतात ती वेळ मामांची असते, रिकाम्या हाताची आणि स्लीपर घातलेल्या पायांची. त्याऐवजी शेवटचं पाणी कुठे, फाट्याशी खूण काय आणि ओढा कुठल्या हाताला ठेवायचा, एवढं विचारावं. या तीन प्रश्नांना उत्तरं अचूक मिळतात. आणि वाटाड्या घेतलेला सगळ्यात उत्तम. त्याच्या पैशांत घासाघीस करणारा माणूस ‘असू दे’ खात्यावर हजारो रुपये उडवून आलेला असतो.

खिंडीतून पलीकडच्या कुमशेत गावाकडे उतरताना पायांची पाळी येते. उताराआधी लेस सोडून पुन्हा बांधायची, घोट्यापाशी घट्ट, म्हणजे पाय पुढे सरकून बोटं बुटावर आपटत नाहीत. नखं दोन-तीन दिवस आधी कापलेली हवीत. फोड येतो तो ओल आणि घर्षण यांच्या संगनमताने. सुती मोजे घाम धरून ठेवतात, म्हणून ते घरी. टाच चुरचुरली की तिथल्या तिथे थांबून पाय कोरडा करायचा आणि चिकटपट्टी लावायची. फोड आल्यावर उपाय नसतो, फक्त सल्ले असतात. पण कोणी थांबत नाही, कारण पुढचे लोक सावलीत बसून आपली वाट बघत असतात, आणि आपण पोचलो की ‘चला, झाली विश्रांती’ म्हणून उठतात.

कुमशेतला पोचल्यावर घरच्या बाईंना आधी विचारून पडवीत सॅक टाकायची. खिचडीला माणशी मूठ-दीड मूठ तांदूळ, निम्मी मसूर डाळ. तूरडाळ आणू नये, कुकरशिवाय ती गॅसचा सिलिंडर संपवते आणि तरी दाताखाली येते. ओढ्याचं पाणी फडक्यातून गाळून क्लोरीनचे थेंब टाकले तर अर्धा तास थांबायचं. तो अर्धा तास दिवसातला सगळ्यात लांब.

झोपण्याआधी एक काम उरतं. खाण्याची पिशवी आढ्याला दोरीने टांगायची आणि रिकाम्या सॅकच्या सगळ्या चेन उघड्या ठेवायच्या. उंदीर येणारच. दार उघडं असलं तर आत फिरून बघतो आणि जातो. बंद असलं तर स्वतःचं दार पाडतो, आणि ते नेमकं पाठीकडच्या बाजूला असतं.