सायकलचा चष्मा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो

थंडी सुरू झाली की सायकलच्या ग्रुपवर नवे मेंबर येतात आणि पहिला प्रश्न हाच विचारतात, "गॉगल कोणता घेऊ?" लगेच लिंका पडायला लागतात. तीन हजार, आठ हजार, एका भाऊनं तर वीस हजारांचा टाकला. मी माझं मत सांगून टाकतो, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या. नागपुरात पहाटे सायकल चालवणाऱ्यानं पहिला चष्मा घ्यावा तो पारदर्शक सेफ्टी गॉगल. ग्राइंडरवर काम करणारा घालतो ना, तोच. साधारण दीडशे-दोनशे रुपयांत येतो. काळ्या गॉगलचा विचार नंतर.

काऊन? आपण सायकल चालवतो कधी ते पाहा ना. जानेवारीत सूर्य उगवायलाच पावणेसात उलटतात आणि आपण निघतो साडेपाचला. मे महिन्यात पारा ४५ ला टेकून राहतो, म्हणून तेव्हाही अंधारातच बाहेर. अशा वेळी काळी काच लावून जाणारा माणूस खड्डा पाहणार कसा? आणि डोळ्यात जाऊन जाऊन जातं काय, तर धूळ. सिमेंट रोडच्या कडेला साचलेली बारीक चुरी, वाळूच्या ट्रकवरची अर्धी सुटलेली ताडपत्री, पावसाळ्यात फुटाळा तलावाकडे दिव्यांखाली घोंगावणारे किडे. ताशी पंचवीसच्या वेगात एक किडा डोळ्यात गेला की दोन्ही डोळे मिटतात, एक हात हँडल सोडतो आणि सायकल उजवीकडे सरकते. मागून ट्रक येत असेल तर ते दोन सेकंद डोळ्याच्या जखमेपेक्षा महाग पडतात.

बहुतेक सेफ्टी गॉगलची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट. हे प्लास्टिक फुटून तुकडे डोळ्यात जाण्याची भीती फार कमी. ईएन १६६ या युरोपियन मानकात 'एफ' खूण असलेल्या चष्म्यावर ६ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगानं मारून पाहतात. हिशेब केला तर ताशी १६२ किलोमीटर. सायकलच्या चाकाखालून उडालेला बारीक खडा सहसा याहून हळूच येतो! अमेरिकन मालावर झेड८७ लिहिलेलं असतं, प्लस असेल तर आणखी चांगलं. आपल्याकडचं मानक आयएस ५९८३. यातलं काहीच काचेवर किंवा दांडीवर कोरलेलं नसेल तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी उठायचं.

आता यूव्हीचं, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचं. "पांढरी काच आहे, ऊन कसं अडवणार?" हे मला इतक्या वेळा ऐकावं लागतं की बस्स. काचेचा रंग आणि यूव्हीपासून संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉलिकार्बोनेट पारदर्शक असलं तरी जवळजवळ सगळे अतिनील किरण स्वतःच अडवतं. उलट फूटपाथवरचा काळा गॉगल, ज्याच्यावर 'यूव्ही ४००' चं फक्त स्टिकर आहे, तो जास्त वाईट ठरू शकतो. काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते, आणि काच यूव्ही अडवत नसेल तर ते सगळं आत. शंका असेल तर चष्म्याच्या दुकानात घेऊन जा. बऱ्याच जणांकडे यूव्ही तपासायचं छोटं यंत्र असतं.

उन्हात चालवायचीच असेल तर त्याच सेफ्टी गॉगलचा 'स्मोक', म्हणजे काळसर काचेचा प्रकार साधारण त्याच भावात मिळतो. ब्रँडेड घेणार असाल तर कॅटेगरी ३ पाहा, म्हणजे ८ ते १८ टक्के उजेड आत येतो. कॅटेगरी ४ पहाडावरच्या बर्फासाठी, रस्त्यावर नाही. पोलराइज्डच्या, म्हणजे चमक कमी करणाऱ्या काचेच्या मागे फार लागू नका, त्यातून सायकलवरच्या मीटरचा स्क्रीन कधीकधी काळाच दिसतो. आणि उन्हात आपोआप काळी होणारी ती महागडी फोटोक्रोमिक काच? ती थंडीत छान काळी होते, गरमीत कमी. म्हणजे आपल्या मे महिन्यात, नेमकी गरज असताना ती पूर्ण रंगात येणार नाही. त्यासाठी पाच-सहा हजार कशाला घालायचे, राजेहो?

घेताना एकच करा. गॉगल हातभर दूर धरा, त्यातून खिडकीचा गज पाहा आणि काच हळूहळू सरकवा. गज वाकडा झाला, लहरला, तर परत ठेवा. तासभर तसल्या काचेतून पाहिलं तर डोकं दुखतं. मग हेल्मेट घालून बघा, दांड्या पट्ट्यांच्या वरून यायला पाहिजेत. नंबरचा चष्मा असणाऱ्यांसाठी वरून घालायचे मोठे गॉगल मिळतात, दिसतात ओबडधोबड, पण काम करतात. त्यापेक्षा पुढचा चष्मा बनवतानाच पॉलिकार्बोनेटची काच सांगणं बरं.

वाफ धरते ही तक्रार खरी आहे, त्यात आपला दुपट्टा भर घालतो. नाकावरून घट्ट गुंडाळला की श्वास सरळ काचेवर जातो. नाकाशी थोडा सैल ठेवा. आणि त्याच दुपट्ट्यानं कोरडी काच पुसू नका, पॉलिकार्बोनेटला ओरखडे लवकर पडतात. आधी पाणी, मग साबणाचं बोट, मग मऊ कापड. ओरखडे पडलेल्या काचेवर समोरच्या गाडीचा लाइट पसरतो, तेव्हा जुना गॉगल जपत बसू नका. दीडशेचा तर आहे.

हिंगणा एमआयडीसीत सायकलनं जाणारे कितीतरी कामगार हाच गॉगल शिफ्टमध्ये घालतात आणि गेटवर जमा करून उघड्या डोळ्यांनी घरी जातात. कंपन्यांनी एक जास्तीचा दिला तर काय बिघडतं?

ज्यांना शोधायचा आहे त्यांनी इतवारीत लोहाओळीकडे चक्कर मारा. दुकानात "सायकलसाठी पाहिजे" म्हणू नका, "ग्राइंडिंगचा क्लिअर गॉगल, मार्क असलेला" म्हणा. दोन घ्या, एक क्लिअर, एक स्मोक.