डिप्रेशन रक्तात दिसलं तरच खरं मानायचं का?

हल्ली घरी फोन केला की हा विषय निघतोच. कुणीतरी बातमी वाचलेली असते की आता रक्त तपासून कळणार डिप्रेशनचं कुठलं औषध कुणाला लागू पडेल, आणि मग वाद सुरू. मामांना वाटतं बरं झालं, आता खरा आजारी कोण आणि नाटक कोण करतंय ते रिपोर्टमध्येच येईल. मावशी विचारते, म्हणजे इतकी वर्षं डॉक्टर अंदाजानेच गोळ्या देत होते का?

मावशीचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि उत्तर बऱ्याच अंशी हो असंच आहे. अमेरिकेत स्टार-डी नावाचा मोठा अभ्यास झाला, सुमारे ४,००० पेशंट, निष्कर्ष २००६ मध्ये आले. पहिल्या गोळीवर साधारण तिघांतला एकच पूर्ण बरा झाला. बाकीच्यांना दुसरी, मग तिसरी, आणि प्रत्येक गोळीचा नीट अंदाज यायला चार-सहा आठवडे जातात. ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही त्याला "अजून महिनाभर बघू" हे ऐकणं किती जड जातं ते जवळच्या माणसात पाहिलंय, म्हणून ही टेस्ट यावी असं मला अगदी मनापासून वाटतं.

आशा कशामुळे आहे तेही सांगते. शरीरात कुठे दाह (आतली सूज) असला की लिव्हर सीआरपी नावाचं प्रोटीन जास्त बनवतं, ते साध्या रक्ततपासणीत मोजता येतं. २०१४ च्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्यांचं सीआरपी लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली त्यांना एस्सिटालोप्राम नावाचं डिप्रेशनचं औषध जास्त लागू पडलं, आणि त्याहून जास्त असणाऱ्यांना नॉरट्रिप्टिलिन हे दुसरं. पण त्यात पेशंट होते २४१, आणि सीआरपी तर साध्या इन्फेक्शननेही वाढतं, वजन जास्त असेल तरी वाढतं, सिगारेटनेही वाढतं. एका आकड्यावर कुणाची गोळी ठरवावी इतका भक्कम पुरावा अजून नाही. ऐंशीच्या दशकात डेक्सामेथासोन टेस्टचं असंच झालं, रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, बघून गंभीर डिप्रेशन ओळखता येईल म्हणून खूप गाजली, मग लक्षात आलं की डिमेन्शियात, वजन झपाट्याने उतरल्यावर, दारू सोडतानाही ती पॉझिटिव्ह येते, आणि ती मागे पडली. गोळी शरीरात किती वेगाने पचते ते सांगणारी जीन टेस्टही आहे, तिचा डोस ठरवायला उपयोग होऊ शकतो, पण कुठली गोळी तुम्हाला बरं करेल हे तीसुद्धा सांगू शकत नाही.

मामांना वाटतं परदेशात हे सगळं मशीनवरच चालत असेल. इथे ब्रिटनमध्येही डॉक्टर नऊ प्रश्नांचा कागदच पुढे ठेवतात, झोप कशी आहे, भूक कशी आहे, जगावंसं वाटतं का. रक्त घेतात, पण ते थायरॉइड किंवा हिमोग्लोबिनमुळे तर असं होत नाही ना हे बघायला. गोळीची निवड इथेही अंदाजानेच, आणि समुपदेशनासाठी थांबावं लागतं ते वेगळंच. एक गोष्ट मात्र मला इथली फार मोलाची वाटते. गोळी सुरू केली की साधारण दोन आठवड्यांत पुन्हा भेट व्हावी, आणि वय पंचवीस किंवा कमी असेल किंवा जिवाचा धोका वाटत असेल तर आठवड्यातच, असं इथल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलेलं आहे. तेच नऊ प्रश्न पुन्हा विचारले की फरक पडतोय का ते दिसतं. हे कुठल्याही देशात करता येईल, त्याला लॅब लागत नाही, आणि मला वाटतं घरच्या वादात कुणी याबद्दल बोलतच नाही.

राहिला मामांचा मुद्दा, आणि तो मला खरंच टोचतो. ही संशोधनं चालली आहेत ती औषध निवडण्यासाठी, आजारी माणसाकडून पुरावा मागण्यासाठी नाही. डिप्रेशनच्या बऱ्याच पेशंटचं सीआरपी अगदी नॉर्मल असतं, तरी त्यांचं डिप्रेशन तितकंच खरं असतं. उद्या कुणी कमी आकडा बघून म्हणालं की तुला काही झालेलं नाही आणि त्या पोराने गोळी मध्येच सोडली तर त्रास वाढणार, अचानक सोडल्याने चक्कर, घाबरल्यासारखं होणं हे सगळं येऊ शकतं. म्हणून मामांना मी एवढंच सांगितलंय की घरात ज्याचं औषध चालू आहे त्याच्याकडे रिपोर्ट मागू नका, त्याची पुढची अपॉइंटमेंट कधी आहे ते विचारा आणि जमलं तर सोबत जा.