राघूचा बंदोबस्त कसा करावा

सकाळी सव्वासहाला बेडरूमच्या खिडकीवरून 'कीर्रऽ कीर्रऽ' करत थवा गेला, की समजा उपद्रव सुरू झाला. एवढ्या सकाळी माणसाला उठवण्याचा हक्क शेजारच्यांच्या मिक्सरला आहे. राघूला तो कोणी दिला? तेव्हा सोसायटीच्या वार्षिक सभेत आधी हाच विषय घ्या. गच्ची पुढच्या वर्षीही गळणारच आहे.

सभेआधी पुरावे गोळा करा. आमच्या पार्किंगला लागून पेरूचं झाड आहे. राघू फांदीला उलटा लोंबकळतो, पिकायला आलेला पेरू नेमका हेरतो, तीन चावे घेतो आणि पुढच्या पेरूकडे वळतो. उरलेला पेरू थेट सेक्रेटरींच्या गाडीच्या बॉनेटवर. अन्नाची अशी नासाडी तुम्ही कुठल्या लग्नाच्या बुफेत तरी पाहिलीय का?

तिखटाच्या पाण्याच्या फंदात मात्र पडू नका. आमच्या एका सभासदांनी ते फवारून पाहिलं. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. काका तासभर ठसकत होते. राघूने तिखट लावलेले पेरू चौपाटीवर आल्यासारखे खाल्ले.

त्यापेक्षा मुळावरच घाव घाला. हा पक्षी काड्या गोळा करून घरटं बांधत नाही. तांबटाने, सुतार पक्ष्याने कोरून सोडलेली ढोली चोचीने कुरतडून मोठी करतो आणि उन्हाळा कडक व्हायच्या आत त्यात पिल्लं वाढवतो. म्हणजे जुन्या झाडाची वाळकी फांदी हवी. कागदोपत्री तिला 'धोकादायक फांदी' म्हणतात. 1975 च्या वृक्ष कायद्याने झाडं तोडायची परवानगी देणारं वृक्ष प्राधिकरण आहेच, रीतसर अर्ज करा. एका फांदीच्या परवानगीत झाड बुंध्यापर्यंत कसं आणायचं, हे ठेकेदाराला शिकवावं लागत नाही. ढोली गेली की राघू तुमच्या भिंतीत येईल, एसीच्या पाइपासाठी पाडून बुजवायच्या राहिलेल्या भोकात. येऊ द्या. झाडावर तो नुसता राहत होता. भिंतीत आला की त्याला अतिक्रमण म्हणता येतं.

अर्जात शेतकऱ्यालाही घ्या. त्याचं नुकसान खरं असतं. ज्वारीचे दाणे भरले की त्याला दिवसभर माळ्यावर उभं राहून गोफण फिरवावी लागते. तुम्ही ज्वारीचं पीठ पिशवीतून आणता, ते सोडा. 'पिकांची नासधूस' लिहिलं की अर्जाला वजन येतं.

आता हाकलायचं कुठे? इथे लंडनकरांचा हेवा वाटतो. आपलाच कंठवाला पोपट पिंजऱ्यांतून सुटून तिकडे स्थायिक झाला. केंटमध्ये 1969 मध्ये त्याची वीण झाल्याची नोंद आहे आणि आता लंडनच्या बागांत तो हजारोंनी ओरडतो. पण तिथे त्याला परका म्हणायची सोय आहे. शेतीचं नुकसान रोखायला ज्यांना मारता येतं, त्या पक्ष्यांच्या परवाना यादीत इंग्लंडने 2010 मध्ये त्याला घातलंसुद्धा. आपली पंचाईत ही, की इथे तो मूळ रहिवासी. आपल्या सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, अजून रखडलंय आणि त्याचा ताबा मात्र यादवांच्याही आधीपासूनचा.

काहीच जमलं नाही, तर प्रेम करा. म्हणजे पिंजरा आणा. गजाआड गेला की तोच राघू 'मिठू' होतो, त्याच्या किंचाळण्याला बोलणं म्हणतात आणि पाहुण्यांसमोर त्याला मिरची भरवताना घरातली पोरंसोरं गोळा होतात. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली देशी पोपट पाळणं गुन्हा आहे खरा, पण बाल्कनीला हिरवी जाळी लावली की खालून काही दिसत नाही. हिरव्यात हिरवा.

आमच्या सभेत ठराव एकमताने मंजूर झाला. इतिवृत्त लिहिताना तेवढे सेक्रेटरी अडले. 'सोसायटीतील पोपट' असं लिहून पाठवलं तर निबंधक कार्यालयात हसतील, म्हणाले. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी 'हिरवा पक्षी' असं लिहून सगळ्यांनी सह्या केल्या.