आडून नव्हे, अडतीतून : एका सातारकरांना उत्तर

सातारकर, नमस्कार.

दुकानातली नोकरी सांभाळून मी सीए इंटरचा (सनदी लेखापालाच्या परीक्षेचा मधला टप्पा, त्यात दोन ग्रुप असतात) राहिलेला ग्रुप कसा काढला, या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया येऊन चार दिवस झाले. त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो, पण बायको म्हणाली, "आज नको, उद्या लिही." म्हणून थांबलो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी जशीच्या तशी देतो. सोयीचं तेवढं उचललं असं नंतर ऐकायला नको.

"लेख वाचला. नोकरी सांभाळून सीए इंटरचा राहिलेला ग्रुप काढता येतो, हे लिहायला सोपं आहे. तुमचा निघाला तो तिसऱ्या अटेम्प्टला, आणि तोही पेपरच्या आधी रजा काढून. रोज पाच तास अभ्यास हा हिशेब पटत नाही. पुढं आर्टिकलशिपला नोकरी सोडावीच लागणार, मग तोवर धरून ठेवून काय साधलं? ज्यांना खरंच सीए व्हायचंय ते पुण्याला जाऊन सहा महिने नीट बसतात. बाकीचे नोकरीच्या आडून अपयश झाकतात. असले लेख वाचून पोरांना भलती आशा लागते. – एक सातारकर"

(आर्टिकलशिप म्हणजे सीएच्या हाताखाली करावी लागणारी उमेदवारी.) आधी नावाचं बघू. मी माझ्या नावानं लिहितो. सांगलीच्या मार्केट यार्डात मी नोकरी करतो ते दुकान कुठल्या रांगेत आहे हे निम्म्या वाचकांना ठाऊक आहे. नापासाच्या दोन्ही मार्कशीटचे फोटो मी स्वतः लेखात टाकले होते. तुम्ही मात्र एका अख्ख्या जिल्ह्याच्या मागं उभं राहून दुसऱ्याला ‘आडून’ म्हणता. माझी मावशी साताऱ्यात असते, दर दिवाळीला तिच्याकडून कंदी पेढे येतात, त्यामुळं साताऱ्याच्या माणसांबद्दल माझं मत आजवर चांगलं होतं.

आणि ‘असले लेख’ म्हणजे कसले हो? ‘असले’ हा शब्द आपल्याकडं सडक्या टोमॅटोला वापरतात, नाहीतर आपल्या पोराच्या न आवडणाऱ्या मित्रांना. नुसतं ‘हा लेख’ म्हणाला असता तर हे उत्तर निम्म्यात आटोपलं असतं.

एक गोष्ट मात्र मान्य. पाच तासांचा हिशेब चुकला. पहाटे साडेचार ते सात आणि रात्री साडेनऊ ते बारा, अशी ती बेरीज मी केली होती. पण हे पुस्तक उघडं असण्याचे तास. पहाटेचा पहिला अर्धा तास तोंड धुण्यात आणि चहात जायचा. रात्री अकरानंतर ऑडिटची एकच ओळ चार वेळा वाचून पाचव्यांदा तिथंच यायचो. खरा अभ्यास साडेतीन तास धरा. दाखवून दिलंत, आभारी आहे. मोठ्या मनानं मान्य करतोय, याची नोंद असू द्या.

आता ते वाक्य. "नोकरीच्या आडून अपयश झाकतात."

चार दिवस हे वाक्य डोक्यात आहे. परवा एका शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, करताना तोलाईच्या रकान्यात हमाली लिहिली, इतकं डोक्यात आहे.

आमचं काम अडतीचं, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून द्यायचं. हळद आणि बेदाणा. आडून करण्याजोगं तिथं काही नसतं, सौदा भर चौकात होतो. माझे वडील याच यार्डात ३१ वर्षं दिवाणजी होते. त्यांच्या काळी रोजमेळ आणि खतावणी, माझ्या काळी टॅली आणि जीएसटी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागातलं आमचं घर आठवडाभर पाण्यात होतं. कपाटातली पुस्तकं फुगून अशी घट्ट बसली की दार कटावणीनं उघडावं लागलं. घराची खालची भिंत पुन्हा बांधायला पतसंस्थेचं कर्ज काढलं, त्याचा हप्ता ७,४०० रुपये. माझा पगार १८,०००. राहिलेल्यात चार माणसं. आता सांगा, नोकरीच्या आडून मी काय झाकत होतो? हप्ता?

‘खरंच सीए व्हायचंय’ या शब्दांचाही मला राग आला, लपवत नाही. म्हणजे कुणाला खरंच व्हायचंय हे ठरवायची पट्टी तुमच्याकडं आहे, आणि ती पुण्याला मिळते. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणं, मेस, अभ्यासिकेची फी, क्लासचं पेन ड्राइव्ह, हे सगळं सहा महिने आणि घरी पगार शून्य. ज्याला जमतं त्यानं जरूर जावं. माझा मित्र गेला होता, हुशार पोरगा, पहिल्या फटक्यात दोन्ही ग्रुप काढून आला, मला आनंदच आहे. पण त्याच्या वडिलांची द्राक्षबाग आहे हो. बाग नसलेल्यानं खरंच व्हायचं नाही का?

मे २०२५ ला इंटरच्या ग्रुप दोनचा निकाल साधारण २१ टक्के लागला. उरलेले ७९ टक्के सगळे काय अडत दुकानात पट्ट्या लिहीत होते? त्यातले बहुतेक तुमच्या म्हणण्याप्रमाणं नीट बसलेलेच असणार. मग त्यांनी अपयश कशाच्या आडून झाकलं, अभ्यासिकेच्या?

तिसऱ्या अटेम्प्टचं तुम्ही असं लिहिलंय जणू मी ते लपवलं होतं. ज्यांना ही परीक्षा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक पेपरला किमान ४०, आणि तीन पेपरच्या ग्रुपला मिळून ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५०. दोन्ही एकदम लागतं. ग्रुप एक मी मे २०२४ ला काढला. ग्रुप दोन सप्टेंबर २०२४ ला दिला, अनंत चतुर्दशी ज्या आठवड्यात होती त्याच आठवड्यात. कॉस्टिंग (उत्पादनखर्चाचा हिशेब) ३८, ऑडिट ५२, एफएम-एसएम (वित्त आणि व्यूहात्मक व्यवस्थापन) ६१. बेरीज १५१. बेरजेत एक मार्क जास्त आणि नापास, कारण कॉस्टिंगला दोन कमी. ६१ मुळं एफएम-एसएमचं एक्झेम्प्शन मिळालं, म्हणजे तो पेपर पुन्हा द्यायचा नाही, जुनेच मार्क धरतात; ते पुढच्या तीन परीक्षांपर्यंत चालतं. जानेवारी २०२५ ला कॉस्टिंग ४४, ऑडिट ४३, जुने ६१ धरून १४८. आता दोन्ही पेपर पास आणि ॲग्रिगेट, म्हणजे १५० ची बेरीज, गेलं. आधी एक बाजू पडली होती, मग दुसरी. तुम्ही याला ‘तिसऱ्या अटेम्प्टला’ एवढंच म्हणता.

त्या ३८ ची उत्तरपत्रिका मी पैसे भरून मागवली होती. स्कॅन केलेली येते. दुकान बंद झाल्यावर गादीवर बसून बघितली. प्रोसेस कॉस्टिंगच्या (मालावर प्रक्रिया करताना किलोला किती खर्च पडतो त्याच्या) गणितात माझे मार्क गेले होते, आणि कशानं गेले हे बघून हसू आलं, खोटं नाही सांगत.

तेच गणित हळदीवर मांडतो. १,००० किलो माल पॉलिशला घातला, खर्च १,४४,००० रुपये. घट ५ टक्के धरलेली, म्हणजे ५० किलो. ती चुरी ३० रुपयांनी विकली जाते, १,५०० रुपये. म्हणजे १,४२,५०० भागिले ९५०, किलोला १५० रुपये. आता माल ९५० ऐवजी ९३० च भरला तर ते वरचे २० किलो जादा घट, ती १५० नंच धरायची, ३,००० रुपये, आणि ती चांगल्या मालावर न घालता नफा-तोट्याला टाकायची. पुस्तकात याला नॉर्मल लॉस आणि ॲबनॉर्मल लॉस म्हणतात. मी परीक्षेत चुरीचे पैसे वजा करायला विसरलो होतो, त्यामुळं पुढचा प्रत्येक आकडा चुकत गेला.

वडिलांना दाखवलं. सीएमधलं त्यांना काही कळत नाही. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "चुरीचे पैसे कुठं गेले?" एवढंच. ३१ वर्षं त्यांनी हेच विचारलं होतं, हमालाला, पॉलिशवाल्याला, शेठना. त्या रात्रीनंतर प्रोसेस कॉस्टिंगमध्ये माझा एक मार्क गेला नाही. नोकरीनं अभ्यासाचे तास खाल्ले असतील, पण कॉस्टिंग मला पुण्यातल्या कुठल्या सरांनी नाही शिकवलं. ते गोडाऊनमधल्या पिवळ्या धुळीत शिकलो. हे लेखात होतं. तुम्ही ते परिच्छेद गाळून थेट मार्कांवर गेलात बहुतेक.

रजेचं. ‘रजा काढून’ असं लिहिताना चोरी पकडल्याचा आव कशाला? रजेचं मीच लिहिलं होतं, एका ओळीत का होईना. पूर्ण सांगू? तिसरा अटेम्प्ट मे २०२५ चा. २१ एप्रिल ते १४ मे, २४ दिवस, त्यातले नऊ भरपगारी आणि बाकी बिनपगारी. एप्रिल-मे म्हणजे हळदीचा ऐन हंगाम, त्यात चोवीस दिवस मागणं काय असतं हे यार्डातल्या माणसाला विचारा. ग्रुप दोनचे पेपर ९, ११ आणि १४ तारखेला होते. पहिल्या पेपरच्या तोंडावर सीमेवरच्या परिस्थितीमुळं परीक्षा पुढं ढकलली, ९ ते १४ चे सगळे पेपर. नव्या तारखा आल्या १६ ते २४ मे च्या दरम्यानच्या. शेठ फोनवर म्हणाले, "चौदापर्यंतच ठरलं होतं ना?" चूक त्यांची नाही, ठरलं तसंच होतं. १५ ला मी दुकानात हजर. पेपरच्या दिवशी अर्धा दिवस, पेपर दुपारी दोनचा, सकाळी सौदे करून केंद्रावर जायचो. २० तारीख मध्येच आली, म्हणजे एप्रिलचा जीएसटीआर थ्री-बी, जीएसटीचं दर महिन्याचं विवरणपत्र, भरायची शेवटची तारीख. १९ च्या रात्री ऑडिटचे स्टँडर्ड्स एका बाजूला आणि पोर्टल दुसऱ्या बाजूला. पोर्टल कसं चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, दीड वाजला. त्या अटेम्प्टला कॉस्टिंग ५३, ऑडिट ४७, जुने ६१. एकशे एकसष्ट.

याला तुम्ही रजा म्हणा. म्हणा खुशाल.

निकाल ६ जुलैला लागला, आषाढी एकादशी होती. ताटात साबुदाण्याची खिचडी आणि हातात मोबाईल, साइट उघडेना. आईनं आकडा विचारला नाही, नुसतं माझ्या तोंडाकडं बघत होती. हे प्रतिक्रियेशी संबंधित नाही, मला माहीत आहे. लिहावंसं वाटलं.

पोरांना भलती आशा लागते म्हणता. लागू दे की. भलती निराशा लावायला तुम्ही आहातच. (हे वाक्य बायकोनं काढायला सांगितलं होतं. राहू दिलं.)

राहता राहिलं आर्टिकलशिप. तो वेगळा विषय आहे, त्यावर स्वतंत्र लिहीन. दोन वर्षं करावी लागते, पूर्ण वेळ करावी लागते, स्टायपेंड काय मिळतो हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. हप्ता अजून २६ महिने आहे. फॉर्मचं काय केलं, कधी भरणार, असं तिघा-चौघांनी मेसेज करून विचारलं, त्यांनाही हेच सांगितलं की लिहीन. खरं कारण हे की शेठना अजून बोललेलो नाही. ते इथलं काही वाचत नाहीत, पण त्यांची मुलगी वाचते.

मूळ लेखात ‘पाच तास’ होतं तिथं ‘साडेतीन’ केलं आहे. रजेच्या ओळीत तारखाही घातल्या आहेत, तुम्ही म्हणालात म्हणून नव्हे, माझं मलाच वाटलं म्हणून. पुढच्या वेळी प्रतिक्रिया द्याल तर नावानं द्या. मावशीकडं आलो की भेटू, पेढे मी आणीन.