ते काय सांगायचं असतं का?

मी परभणीत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान यातला एक मथळा जरी राहिला तरी पोराची जर्नल परत करतो. यंदा ऐन कुरडयांच्या दिवसांत आईचा हात प्लॅस्टरमध्ये गेला. "तूच कर. म्या बाजंवर बसून सांगते की."

मी वही उघडली. पायरी पहिली : गहू तीन दिवस भिजत घालणे. इतकं सोपं? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरात असा वास सुटला की प्रयोगशाळेतला हायड्रोजन सल्फाइड परवडला.

"पाणी बदललं न्हाई का रोज?"

"तू सांगितलंस कुठं?"

"ते काय सांगायचं असतं का!"

ज्या मुलखात 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं गव्हाला रोज ताजं पाणी हवं, हे मला कसं सुचणार? असो. चौथ्या दिवशी गहू वाटले, फडक्यातून पिळून चीक काढला आणि रात्रभर ठेवला. सकाळी वरची निवळी ओतायची म्हणून पातेलं उचलून मोरीपर्यंत नेलं. निवळीबरोबर निम्मा चीक मोरीत. पातेलं जाग्यावरून हलवायचं नसतं, हेही सांगायचं नसतं.

खरी परीक्षा चीक शिजवताना. गव्हाचं स्टार्च साठेक अंशांना पाणी पिऊन फुगतं आणि घट्ट होतं. सगळं एकदम ओतलं की गोळ्याचं बाहेरचं कवच आधी शिजतं, आत पाणी शिरत नाही, गुठळी होते. वर्गात मी हे आकृती काढून सांगतो. आधणात चीक मात्र एकदमच ओतला.

"अरे, एका हातानं वत, एका हातानं हाट!" आई बाजेवरून ओरडली. हाटून हाटून खांदा गेला, तेव्हा विचारलं, "शिजला कसा ओळखायचा?"

"बोट लावून बघ. चिकटलं न्हाई की झालं."

लावलं. चिकटलं. चीकही आणि चटकाही.

"बोट वलं करून लावावं की, लेकरा!"

अनुमापनात फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं, एवढं तरी आम्ही पोरांना आधी सांगतो. पैठणला मागावर बसून महिनोन्महिने पदरावरचा मोर विणणाऱ्यालाही बापानं असंच शिकवलं असेल का? धागा तुटल्यावर?

गरम चीक सोऱ्यात भरून गच्चीवर गेलो. ऊन वर यायच्या आत घालायच्या, हे तेवढं मला ठाऊक होतं. पहिली कुरडई गोल आली. दुसरीचा शेवट सापडला नाही. पुढच्यांना आकार म्हणणं धाडसाचं. चीक निवत गेला तसा सोऱ्या फिरेना. शेवटच्या चार कुरडया मी हँडलला लोंबकळून काढल्या. वाळवायचं काम मात्र मेमधल्या उन्हानं फुकट केलं, दोन दिवसांत खडखडीत.

तळली. तेलात पडताच कशी फुलली! आईनं तुकडा मोडून तोंडात टाकला आणि तांब्या मागितला.

"मीठ बेतानंच घालावं. चवीला लागलं त्याच्यापेक्षा कमी. वाळल्यावर वाढतंय की ते."

पाणी उडालं, मीठ राहिलं. अकरावीतलं पोरगंही सांगेल. माझ्या वहीत तोवर सतरा पायऱ्या झाल्या होत्या. अठरावी लिहून ठेवली.

परवा शेजारच्या काकू आल्या. कुरडई उन्हाला धरून उलटसुलट बघत म्हणाल्या, "मास्तर, मीठ किती घातलं हो?"

"अंदाजानं," मी म्हणालो.