बूट पुन्हा भरला!

१ टीबीची डिस्क. त्यातली ७०० जीबी रिकामी. आणि कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स म्हणतं, जागा नाही! का? तर इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केली, म्हणून बूटचं पार्टिशन, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या फाइल्सचा कप्पा, वेगळं पडलं, तेही जेमतेम ५०० एमबीचं. चौसोपी वाडा, आणि चपला काढायला टीचभर जागा.

अपडेट आलं की नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, येतो. कर्नल बिचारा १०-१५ एमबीचा. खरा खादाड तो इनिटआरडी, प्रत्येक कर्नलसोबतची, सुरू होताना लागणारी फाइल. माझ्याकडे एकेक शंभराच्या घरात. चार जमले की अपडेट अर्ध्यावर लटकतं. बरं, जुने कर्नल काढणारं ऑटोरिमूव्ह चालवावं तर प्रोग्रॅम बसवणारं-काढणारं एपीटी म्हणतं, आधी अर्धवट काम पुरं करा. ते पुरं करायला जागा हवी, आणि जागा करायला ते पुरं हवं. वेड जाईना म्हणून लग्न होईना, लग्न होईना म्हणून वेड जाईना!

शेवटी 'युनेम -आर' (चालू कर्नलचा नंबर सांगणारी कमांड) तीनतीनदा बघायचं, चालू कर्नलला हात न लावता जुना इनिटआरडी हातानंच उडवायचा. रात्री साडेअकराला, रूट (सर्वाधिकारी) होऊन, श्वास रोखून. (एक आकडा चुकला की सकाळी कॉम्प्युटर सुरू करायला पेन ड्राइव्ह शोधा.) दिवाळीत केलं, होळीला केलं, आज परत तेच!